तिसऱ्या ओळीपासून

दि. ९ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझ्या शेपटाचा साष्टांग नमस्कार. तू खुशाल आहेस असं धरून चालते, कारण गेल्या वर्षी तुझं जे कार्ड आलं त्यावर नुसता पत्ता होता, खुशाली नव्हती. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात काच घासायचं नवं यंत्र आलंय, पण शेवटचा हात ते अजून जुन्या चाकावरच फिरवतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात की यंत्राला डोळे नसतात. आईला इस्पितळात धुलाईतून काढून चादरींच्या कोठारात टाकलंय. हाताला साबण लागत नाही म्हणून खूश आहे, आणि दिवसभर घड्या घालून घालून घरी आली की वर्तमानपत्राचीसुद्धा चौकोनी घडी करून ठेवते.

पत्रास कारण की, मला विद्यापीठात गणिताच्या वर्गांना बसायची परवानगी मिळाली. शाळा चालू ठेवून. आठवड्यातून तीन दिवस चौथा तास झाला की मी शाळेतून सुटते, गणवेशातच बसमध्ये चढते आणि तिथे जाऊन सगळ्यांच्या कुतूहलाचा विषय होते. पहिल्या दिवशी एकाने मला विचारलं, कुणाला भेटायचंय, बाळ? मी म्हटलं, कुणाला नाही, मला बसायचंय. तो हसला. मग बाई आत आल्या आणि मी वही उघडली, तेव्हा हसायचा थांबला.

तुला वाटेल, हिने एवढ्यासाठी पत्र लिहिलं का? हो, एवढ्यासाठीच. आणि एवढ्यासाठी नाहीसुद्धा. बघू.

कचेरीतली गंमत सांगते. कारकूनकाकांनी माझा अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, शाळकरी विद्यार्थ्यांचं रजिस्टर वेगळं असतं, थांब. कपाटाच्या तळातून त्यांनी एक जाडजूड रजिस्टर काढलं. झटकलं तर केवढी धूळ. उघडलं. पहिल्याच पानावर पहिल्याच ओळीत तुझं नाव. त्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ. त्याखाली आख्खं रजिस्टर कोरं. काकांनी तुझ्या खालच्या ओळीत माझं नाव लिहिलं, आडनाव लिहिताना थबकले, वर पाहिलं, परत खाली पाहिलं. म्हणजे गेल्या सात वर्षांत तुझ्यानंतर इथे कुणीच आलं नाही, आणि आलं ते मी.

मग त्यांनी एक प्रतिज्ञापत्र पुढे केलं. ते तुझ्या वेळी नव्हतं, तुझ्यानंतर सुरू झालं. बाकीच्या मुलांना भरावं लागत नाही, फक्त शाळकऱ्यांना. मी सही करून टाकली. पेन नीट चालत नव्हतं, दोनदा गिरवावं लागलं.

दादा, तू तिथे लांबच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतोस, जेवतोस, झोपतोस, अगदी जिवंत आहेस. तरी इथे तुझं भूत आहे. हसू नकोस. विभागाचा शिपाई मला पहिल्यांदा जिन्यावर दिसला तेव्हा म्हणाला, "परत आलात का?" मग जीभ चावली. ग्रंथालयात बीजगणिताचं जे पुस्तक घेतलं त्याच्या समासात तुझं पेन्सिलीचं अक्षर, आणि जिथे लेखकाने 'हे उघडच आहे' असं म्हटलंय तिथे तू लिहिलंयस, 'कुणाला?' मी वाचनालयात मोठ्याने हसले आणि मला बाहेर जायला सांगितलं. वर्गात खिडकीजवळची जी खुर्ची आहे, तिच्या पाठीवर कर्कटकाने कोरलेलं छोटं शून्य आहे. ते तूच कोरलंयस हे मला कुणी सांगायला नको. मी तिच्या शेजारी बसते. त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. तशी काही रीत नाही, जागा पुष्कळ आहे एवढंच, पण मला रोज वाटतं की आता कुणीतरी उशिरा येऊन तिथे टेकेल. मी तिच्यावर दप्तरसुद्धा ठेवत नाही.

आणि बाई. तुझ्या त्याच बाई. केस सगळे पांढरे झालेत, फळ्यावरचं अक्षर अजून छापल्यासारखं. हजेरी घेताना बाकीची नावं भराभर घेतात. माझ्याआधी एक श्वास थांबतात.

बाबांना मी विद्यापीठाचं सांगितलं तेव्हा ते चाकावर होते. चाक थांबलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, स्वतःचं स्वतः करायचं, बस. आईने तुझं टेबल मला दिलं. म्हणजे मी मागितलं नव्हतं, तिनेच पुसून ठेवलं. वरची खोली रिकामी आहे, तिथे आता जुने पलंग ठेवलेत. त्या खोलीबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. पण पाठव.

तुझं,
शेपूट

ता.क. मी आता सोळा वर्षांची आहे. तेव्हा तू जेवढा होतास तेवढी.


दि. २ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. उत्तर आलं नाही. रागावले नाही. पोस्टमनने मात्र मला बघितलं की आधीच मान हलवायला सुरुवात केली आहे.

इकडे एक गोष्ट झाली. ती सांगायला बसले आहे, आणि सरळ सांगायचा प्रयत्न करते.

बाईंनी घरी करायला एक प्रश्न दिला होता. कुठलीही सहा माणसं घ्या. त्यांच्यात तिघं तरी अशी सापडतात की ती एकमेकांना ओळखतात, नाहीतर तिघं अशी की त्यांतलं कुणीच कुणाला ओळखत नाही. हे सिद्ध करा. मी आधी आपल्याच घरावर लावून पाहिलं. आपण चौघं, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि शाळेतल्या गणिताच्या बाई. एकमेकांना ओळखणारी तिघं काढायला बसले, तर आई, बाबा आणि मी असं काही कागदावर लिहवेना. आपल्याच घरात कोण कुणाला ओळखतं, हा प्रश्न मला वाटला होता तेवढा सोपा नाही.

मग तू शिकवलंस तसं केलं. खालून वर. तू म्हणायचास, काय सिद्ध करायचं ते माहीतच असतं, ते आधी पानाच्या तळाशी लिहून टाक. मग विचार, हे खरं ठरायला त्याच्या आधी काय लागेल? ते त्याच्या वर लिही. असं चढत जा, जमीन लागेपर्यंत. आणि ओळींना आकडे आधीच अंदाजाने द्यायचे. तुझे अंदाज नेहमी चुकायचे. एकदा तुझी सिद्धता उणे दोनपासून सुरू झाली होती आणि शाळेच्या सरांनी तुला उभं केलं होतं, आठवतं? माझा अंदाज चौदाचा होता. काम बाराच ओळींत झालं. म्हणून सगळ्यात वरच्या ओळीला आकडा आला तीन. तसं झालं की कच्चं पान बाजूला ठेवून नवीन पानावर एकपासून उतरवायचं असतं. ते मी विसरले, बसची वेळ झाली होती.

कागद परत आला तेव्हा उत्तराला बरोबरची खूण होती. पण त्या पहिल्या आकड्याभोवती तांबडं वर्तुळ होतं आणि खाली एक शब्द. 'भेटा.'

बाईंच्या खोलीत एक खिडकी, एक कपाट, आणि खडूची पूड इतकी की टेबलावर बोट फिरवलं तर रेघ उमटते. त्यांनी मला बसायला सांगितलं. कागद माझ्यापुढे ठेवला.

"हे तीन का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आता तुला लिहिलं तसंच. तळ, अंदाज, चढत जाणं, चौदा, बारा. सांगताना मला मजाही वाटत होती, कारण कुणाला हे समजावून सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. बाई ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, दादाने.

त्या उठल्या. कपाटातून एक खाकी पाकीट काढलं. त्यांना ते शोधावं लागलं नाही, हे मी पाहिलं. दोन कागद त्यांनी शेजारी शेजारी मांडले. एक वरच्याचा. आपण घरात त्याला दुसरं काही म्हटलंच नाही कधी, वरच्या खोलीतला भाडेकरू म्हणून वरचा. तुझ्याच वर्गातला, तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आणि दुसरा कागद तुझा. दोन्हींवर एकच प्रश्न, चांदणीची खूण केलेला, जो त्या वर्षी वर्गात कुणालाच सुटला नव्हता. दोन्हीकडे दहा ओळी. दोन्हीकडे पहिल्या ओळीला आकडा तीन, शेवटच्या ओळीला बारा.

वरच्याचा कागद नुसता देखणा आहे, एक खाडाखोड नाही. तुझ्यात शाईच सारखी नाही. तळाच्या ओळी काळ्याभोर, वर वर येताना शाई पुसट होत जाते, आणि चौथ्या ओळीपासून वर एकदम निळी. तुझं पेन संपत आलं होतं आणि तू बाबांचं घेतलंस. खालून वर लिहिणाऱ्याचंच पेन असं संपतं. बाईंनी त्या ओळींवरून बोट तळापासून वर नेलं, आणि परत एकदा नेलं.

"सात वर्षं मी हा कागद वरून खाली वाचत होते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, ते मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यांनी तुम्हा दोघांना समोर बसवून हाच, 'तीन का' असा प्रश्न विचारला होता. वरचा ताडकन म्हणाला होता की पहिल्या दोन ओळी म्हणजे गृहीतकं, ती धरलेलीच असतात, म्हणून लिहिली नाहीत. आणि तू गप्प. एवढा हुशार मुलगा स्वतःच्या सिद्धतेबद्दल गप्प बसतो, म्हणजे ती त्याची नाही, असं त्यांना वाटलं. आपल्याकडेही सगळ्यांना तेच वाटलं, दादा. बाबांनाही.

पाकिटात तिसरा कागद होता. त्यावर तुझ्या हातची एकच ओळ आणि खाली सही. ती मी वाचली. इथे उतरवून काढत नाही. तुला पाठ असेल.

बाईंनी मला विचारलं, दादाची वही वरच्याकडे कशी गेली, तुला काही ठाऊक आहे का?

मी म्हटलं, मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

हे उत्तर नव्हे. बाईंना ते माझ्याहून चांगलं कळतं; जिथे एक पायरी गाळलेली असते तिथे त्यांची नजर अडतेच. मी नमस्कार केला आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले. वाटेत शिपाई म्हणाला, सावकाश, पडाल.

तेव्हापासून मला त्या खुर्चीकडे बघवत नाही. वर्गात मान उजवीकडे वळवत नाही, तर आता मान दुखते. आईने तेल चोळून दिलं. लिहिताना खूप वाकतेस, म्हणाली.

आज इतकंच.

तुझं,
शेपूट


दि. १४ सप्टेंबर
(पान ३)

दादा,

पहिली दोन पानं शोधू नकोस, ती नाहीत. हे पत्र मी तळापासून लिहायला घेतलं. अंदाज सात पानांचा केला होता, भरली पाचच. शेवटची ओळ सगळ्यात आधी, सातव्या पानावर लिहून ठेवली आहे, म्हणजे मधेच पळून जाता येणार नाही. आधीच्या दोन्ही पत्रांत मी वरून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पळाले.

आधी एक छोटं खोटं दुरुस्त करते. कागद एकपासून उतरवायला मी विसरले नव्हते. बसला वेळ होता. मी तो तीन मुद्दाम तसाच ठेवला. बाईंनी विचारावं असं मला वाटत होतं, आणि विचारलं तर काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं.

आता मोठं.

ज्या वर्षी तू विद्यापीठात जायला लागलास त्या वर्षी तू माझ्याशी खेळायचा बंद झालास. त्याआधी रोज शाळेतून आलास की टेबलाखालच्या पाटीवर आपला फुली-गोळा चालायचा. तू नेहमी मधल्या घरापासून सुरू करायचास आणि मी ओरडायचे. मग ती वही आली, निळ्या पुठ्ठ्याची, आणि तू तिच्यात बुडालास. मी तुझ्या मागेमागे हिंडायचे म्हणून तूच मला शेपूट म्हणायला लागलास, आणि त्या दिवसांत तू एकदा वैतागून म्हणालास, शेपटा, जा ना जरा. मला त्या वहीचा इतका राग यायचा दादा, की ती विहिरीत टाकावी असं वाटायचं. विहीर नव्हती म्हणून वाचली.

एका गुरुवारी दुपारी तू अंघोळीला गेला होतास. वरचा जिन्यात उभा होता. तो माझ्याशी चांगलं वागायचा. मला त्याच्याकडच्या जमीनमोजणीच्या नकाशांवर रंग भरू द्यायचा. म्हणाला, दादाची वही उद्यापर्यंत देतेस? बघून परत ठेवतो, दादाला नको सांगू. त्याने मला फसवलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते तितकंसं खरं नाही. हे बरोबर नाही, हे मला कळत होतं. नऊ वर्षांच्या मुलीला तेवढं कळतं. पण मला वाटलं, वही एक दिवस घरात नसली तर दादा एक दिवस माझा असेल. म्हणून मी ती माझ्या हातांनी फळीवरून काढली आणि त्याला दिली.

तू संध्याकाळभर वही शोधलीस. सगळं घर उलटंपालटं केलंस. माझ्याशी खेळला नाहीस. शुक्रवारी सकाळी त्याने ती परत दिली आणि मी ती फळीवर ठेवली. तू म्हणालास, अरे, इथेच तर होती, आणि एकपासून उतरवायला वेळ उरला नव्हता म्हणून तेच पान फाडून घेऊन पळालास.

पुढचं मला कळलं ते भिंतीपलीकडून. बाई, कचेरी, परवानगी रद्द, बाबांचा आवाज. बाबा म्हणाले होते, "दुसऱ्याचं उतरवून मोठं होणारा माझ्या घरात नको." तू तेव्हाही गप्प होतास. मी पलंगाखाली होते.

मग तू आपल्या खोलीत आलास. फळीपाशी गेलास. दादा, ही गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नाही. तू तुझ्या वह्या नेहमी उलट्या ठेवायचास, कणा आत आणि पानं बाहेर. निळी वही एकटी सरळ होती, मी ठेवली तशी. तुला ती शुक्रवारी घाईत दिसली नव्हती, तेव्हा दिसली. तू तिच्याकडे बघत राहिलास. मग खाली वाकून पलंगाखाली माझ्याकडे बघितलंस. मग वही उचलून फिरवलीस, कणा आत करून ठेवलीस आणि म्हणालास, "चल, फुली-गोळा खेळू."

आणि आपण खेळलो. तू मधलं घर मला दिलंस. नऊ डाव मी जिंकले. मला जे हवं होतं ते मला मिळालं, आणि त्या दिवसापासून मला कुठल्याही खेळात जिंकावंसं वाटलेलं नाही.

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आले की तुला नक्की काही कळलं नसेल. वही फिरवणं ही सवय असेल. खेळायला बोलावणं म्हणजे कंटाळा असेल. बाईंच्या टेबलावर तो तिसरा कागद वाचेपर्यंत ते चाललं. 'वही मीच त्याला दिली. बाकी काही सांगायचं नाही.' खाली तुझी सही आणि तारीख, दुसऱ्या दिवशीची. म्हणजे आधी तू माझ्याबरोबर नऊ डाव खेळलास आणि मग सकाळी जाऊन हे लिहून दिलंस. तीन का, याचं उत्तर तुला येत होतं. पण ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न वही घरातून बाहेर कशी गेली हा आला असता, आणि खाली आपल्या घरात आई, बाबा आणि मी यांच्याखेरीज कुणी नव्हतं; बाईंपुढे बसला होतास तेव्हाच हा हिशेब तुझ्या मनात झाला असणार. तू ती पायरी गाळलीस. माझ्यासाठी गाळलीस. बाईंनी त्याचा अर्थ लावला की उतरवणारा अब्रू राखायला असं लिहितो आहे.

मला तुझा रागही येतो, हे लिहून टाकते. मला एक थप्पड मारली असतीस, ओढत नेऊन बाबांपुढे उभं केलं असतंस, तर मी रडले असते आणि आठवड्यात विसरले असते. तू मला वाचवलंस आणि निघून गेलास, आणि मी या घरात तुझ्या अक्षरात, तुझ्या पद्धतीने गणितं सोडवत राहिले. मला कुणी शाबासकी दिली की मी आधी खिडकीकडच्या खुर्चीकडे बघते.

काल मी बाईंकडे गेले. स्वतःहून. ते प्रतिज्ञापत्र पहिल्या पत्रात मी उडवून लावलं होतं ना, त्यात लिहिलंय: मी स्वतःचं किंवा दुसऱ्याचं काम कधीही कुणाला उतरवायला दिलेलं नाही. तुझ्यामुळे म्हणून सुरू झालेला तो कागद, आणि त्यावर खोटी सही केली ती मी. कारकूनकाकांकडून तो मागून घेतला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, ही सही खरी नाही. मग सगळं सांगितलं. वहीचा कणासुद्धा.

बाई म्हणाल्या, "मी त्याला फक्त तीन का ते विचारलं. घरात कोण कोण आहे हे विचारलं नाही." हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

तुझ्या नावावरची तांबडी रेघ काढायचा प्रस्ताव त्या या महिन्याच्या शेवटी समितीपुढे ठेवणार आहेत. सिद्धता तुझीच, एवढं शाईवरून त्या दाखवू शकतात. पण नियम असा आहे की देणाराही दोषी, आणि तू दिलीस हे तुझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी कितीही म्हटलं तरी लहान बहीण भावासाठी बोलते असं म्हणतील. ती ओळ तुलाच मागे घ्यावी लागेल. तू ती मागे घेतलीस की तिथे माझं नाव येईल, आणि माझी परवानगी राहील की नाही हे बाई सांगू शकत नाहीत. तोवर वर्गात बसायला हरकत नाही, म्हणाल्या. मी आज बसले. मान उजवीकडे वळवून बसले.

मला माहीत आहे तू काय करशील. काहीच करणार नाहीस. माझी जागा जाऊ नये म्हणून परत गप्प बसशील, आणि हे पत्र घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवशील. कृपा करून या वेळी तसं करू नकोस. मला ती जागा फार हवी आहे दादा. सहा माणसांचा तो प्रश्न सुटला तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसत होते, इतकी हवी आहे. पण तुझ्या नावावरच्या रेघेखाली बसून नको.

आई-बाबांना मी आज सकाळी सांगितलं. आईच्या हातात वर्तमानपत्र होतं, ती त्याची घडी घालत राहिली, होता होता ते तळहाताएवढं झालं. बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले. दुकानात जायची वेळ टळून गेली. मग त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "त्याचा पत्ता काय?" मी तुझं कार्ड दिलं. ते त्यांनी खिशात ठेवलं आणि परत दिलं नाही. म्हणून हा पत्ता मी आठवणीवरून लिहिते आहे. चुकला असेल तर हे पत्र तुला मिळणार नाही, पण चुकला नसणार. मी तो रोज वाचत होते.

येता आलं तर ये. नाही आलास तर एक ओळ लिहून पाठव, बाईंच्या नावाने. त्यांना आता खालून वर वाचता येतं.

आणि ही ती ओळ, जी मी सगळ्यात आधी लिहून ठेवली होती. तुझ्या ओळीच्या जागी ठेवायला.

वही मी दिली होती.

तुझं,
शेपूट